तेरा हजारांत किती पात्रता मावते?

महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका व्हायला पूर्वी दहावी पुरायची. २०२३ च्या भरतीपासून बारावी लागते, आणि मदतनीस व्हायलाही तीच अट. याउलट शहरात एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर रंगीत पाटी लावून कुणी नर्सरी काढली, तर तिथे शिकवणाऱ्या बाई किती शिकलेल्या असाव्यात याची सक्ती कुणी केलेली नाही. या उफराट्या व्यवहारावरून आमच्या घरात अधूनमधून वाद पेटतो. मावशी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. तिची भाची, म्हणजे माझी बहीण, बालविकासात एम.एस्सी. करून नाशकात नर्सरी चालवते. दोघींचा एकमेकींवर जीव आहे, त्यामुळे कुणी कुणाला सोडत नाही. मी बहुतेक वेळ श्रोता. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. दोघी जिथे खरोखर भिडल्या तेवढंच ठेवलं आहे.

भाची: मी तुझ्याबरोबर तुझ्या बीटमध्ये, तुझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत फिरले होते, आठवतं? एका अंगणवाडीत चार-चार वर्षांची मुलं हाताची घडी घालून बसली होती आणि ताई त्यांच्याकडून बाराखडी घोकून घेत होत्या. मणी, ठोकळे, चित्रकार्डं सगळं होतं, पण पिशवीत गाठ मारून कपाटावर. का, तर मुलं हरवतात आणि मग साहित्याचा हिशेब द्यावा लागतो. त्या ताई वाईट नव्हत्या गं. मुलांचं नाक पुसत होत्या, नावानं हाक मारत होत्या. पण चार वर्षांचं मूल कसं शिकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी म्हणते, अट हवी. बारावीसुद्धा अपुरी आहे. बारावीत अकाउंट्स शिकलेली मुलगी तीन वर्षांच्या मुलाचं काय करणार? दोन वर्षांची पूर्वप्राथमिकची पदविका हवी.

मावशी: घोकंपट्टी तुझ्या नर्सरीत नाही होत?

भाची: होते. पालकांना वही भरलेली दिसली नाही की ते फोन करतात.

मावशी: मग तुझ्या पदविकावाल्या बाई काय करतात?

भाची: वही भरतात. पण त्यांना हे चुकतंय एवढं तरी कळतं.

मावशी: कळून करतात आणि न कळता करतात, यात मुलाच्या वाट्याला काय वेगळं आलं? बरं, ते जाऊ दे. तू अटीचं बोलतेस. मी तुला एका मदतनीस बाईचं सांगते. वारली. दहावी नापास, गणितात. पंधराएक वर्षं मदतनीस. सेविका ताईंच्या जागी नवी सेविका येईपर्यंत कितीतरी महिने तिनंच अंगणवाडी चालवली. पाड्यावरची मुलं घरी वारली बोलतात. शिकवायला आलेल्या बाहेरच्या बाई ‘पाणी पी’ म्हणाल्या तरी पोरं तोंडाकडे बघत बसायची. हिनं हाक मारली की बोलायला लागायची. आता सेविकेची जागा निघाली तर हिला घेता येत नाही. बारावी नाही. जागा गेली दुसऱ्या मुलीला, बी.ए. झालेली होती. शिकलेली, हुशार. मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण वारली येत नव्हती आणि शिकायची तयारीही नव्हती, कारण तिचा डोळा पोलीस भरतीवर होता.

भाची: म्हणजे अट चुकीची नाही, अटीत वारली नव्हती हे चुकलं.

मावशी: ते तू म्हणतेस. जाहिरात काढणाऱ्याला गुणपत्रिका दिसते. स्थानिक रहिवासी पाहिजे, विधवा आणि अनाथ मुलींना जादा गुण, एवढं त्यात असतं, चांगलंच आहे. पण मुलाशी बोलता येतं का, याला गुण द्यायचे कसे हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून देत नाहीत.

भाची: ताराबाई मोडकांनाही हाच प्रश्न पडला असेल ना? त्या बी.ए. होत्या, तेही १९१४ सालच्या, राजकोटला महिला कॉलेजात प्राचार्य होत्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम केलं, मॉन्टेसरी अभ्यासली, आणि मग १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. तुझ्याच भागात. अंगणवाडी आणि कुरणशाळा त्याच भागात निघाल्या. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, हे कुणाला सुचलं? शास्त्र शिकलेल्या बाईला सुचलं. नुसत्या प्रेमाला ते सुचलं नसतं.

मावशी: आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली मुलगी. प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी केली, रात्रीच्या शाळेत बसून मॅट्रिक झाली, आणि बी.ए. कधी, तर पन्नाशी आल्यावर, बोर्डी-कोसबाडची कितीतरी वर्षं झाल्यावर. तुझ्या नियमानं १९४५ साली अनुताईंना कुणी घेतलं असतं का?

भाची: प्रशिक्षण होतं की त्यांचं!

मावशी: प्रशिक्षण होतं, पदवी नव्हती. आणि पदवी आली ती काम करता करता. कोसबाडला त्यांनी बालसेविकांचं प्रशिक्षण काढलं ते अशाच बायकांसाठी. मी पात्रतेच्या विरोधात नाही, बाई. पात्रता दाराबाहेर मागायची की दाराच्या आत घ्यायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

(इथे बहिणीला पटकन उत्तर सुचलं नाही, असं माझं निरीक्षण. तिचं मत वेगळं आहे. ती म्हणते की ती चहा गाळत होती.)

भाची: आत घ्यायची तर मग धोरणातच आहे की. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका. तीन ते आठ वर्षं हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरलाय. तुला हवं तेच ना हे?

मावशी: पुढचं वाच. ते कसं द्यायचं, तर डिजिटल, दूरस्थ पद्धतीनं. मोबाइलवर, डीटीएचवर. महिन्यातून किमान एकदा समोरासमोर. ज्या मोबाइलवर पोषण ट्रॅकरचं अॅप उघडायला रेंज मिळत नाही म्हणून ताई टेकडीवर चढतात, त्याच मोबाइलवर बालमानसशास्त्र शिकायचं. आणि केंद्राचं ‘पोषण भी पढाई भी’ आलं २०२३ मध्ये, त्यात सेविकेला तीन दिवसांचं प्रशिक्षण. तुझी पदविका किती वर्षांची म्हणालीस?

भाची: दोन.

मावशी: तीन दिवस.

भाची: मला ठाऊक आहे गं, हे हास्यास्पद आहे. पण म्हणूनच म्हणते, किमान नवीन येणाऱ्या तरी शिकून येऊ देत. तुझ्या पद्धतीनं गेलो तर आधीच्यांना शिकवायला वेळ नाही म्हणून नव्यांनाही अट नको, असं कायमचं होऊन बसतं.

मावशी: वेळेचं बोललीस ते बरं केलंस. ताईंचा दिवस सांगू? सकाळी मुलं गोळा करायची. मदतनीस आजारी असेल तर खिचडी स्वतः शिजवायची. वजन, उंची. कमी वजनाची मुलं वेगळी काढायची, त्यांच्या आईला समजवायचं. गरोदर बायका, स्तनदा माता, त्यांच्या गृहभेटी. घरी न्यायच्या आहाराचं वाटप. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर. रजिस्टरं. मग तेच सगळं ट्रॅकरवर. निवडणूक आली की मतदार यादी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्ज कुणी भरले? आमच्याच पोरींनी, रात्री-रात्री बसून. सहा सेवा आहेत अंगणवाडीच्या, बाळा. शाळापूर्व शिक्षण ही त्यांतली एक. आणि कागदावर रोज किमान दोन तास ते द्यायचं आहे.

भाची: मिळतात दोन तास?

मावशी: मी वीस-पंचवीस अंगणवाड्या बघायचे. ज्या दिवशी मी जायचे त्या दिवशी मिळायचे.

इथे मला राहवलं नाही म्हणून मी तमिळनाडूचा अभ्यास काढला. तिथे ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या निम्म्यांत एक अर्धवेळ जादा ताई नेमली, फक्त मुलांना शिकवण्यासाठी. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित-भाषा सुधारलं. आणि कुपोषणही कमी झालं, कारण आधीच्या ताईंना पोषणाकडे बघायला वेळ मिळाला. हे ऐकून दोघींनाही एकाच वेळी आनंद झाला, जो आमच्या घरात दुर्मिळ प्रकार आहे. अर्थात कारणं वेगळी होती.

भाची: बघ! शिकवणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी वेगळं माणूस लागतं. उरलेल्या वेळात, खिचडी झाकून करायची गोष्ट नाही ती.

मावशी: बघ! त्या जादा ताईंकडे दोन वर्षांची पदविका मागितली होती का? नाही. थोडं प्रशिक्षण दिलं, हातात वेळ दिला, आणि दुसरं काही काम सांगितलं नाही. तेवढ्यानं मुलं शिकली.

भाची: अगं, पण शून्यापासून सुरुवात केली की काहीही केलं तरी फरक दिसतोच. थोड्या प्रशिक्षणानं एवढं झालं, तर पुऱ्या प्रशिक्षणानं किती होईल?

मावशी: ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. मला एवढं ठाऊक आहे की सरकारला जादा ताईचा पगार द्यायचा नसला, की ते आहे त्याच ताईची पात्रता वाढवतं.

मावशीच्या या वाक्यावर मी बराच विचार केला आणि मला ते बहुतांशी पटतं. अट वाढवायला तिजोरीतून एक रुपया काढावा लागत नाही. शासन निर्णय निघतो, जाहिरातीत एक ओळ बदलते, आणि गुणवत्तेसाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. अट पाळणाऱ्या बाईला त्या अटीच्या योग्यतेचं काय मिळणार, हा प्रश्न दुसऱ्या फायलीत असतो, आणि ती फाईल दुसऱ्या विभागात. केंद्र सरकार सेविकेला महिना साडेचार हजार धरतं, तो आकडा २०१८ चा आहे, आणि त्यातलाही हिस्सा राज्याला उचलावा लागतो. वरची भर राज्याची. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सेविका-मदतनिसांचा संप झाला, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेचं मानधन दहा हजारांवरून तेरा हजार झालं, वर प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाचं साडेपाचवरून साडेसात हजार. बारावी पास, जमल्यास पदवीधर, सहा सेवा, आणि तेरा हजार. बहिणीने यावर जे विचारलं ते मात्र मावशीला आवडलं नाही.

भाची: मग तेरा हजारांत जे येतं ते येऊ दे, असं म्हणायचं का? ते मूल परत तीन वर्षांचं होत नाही, मावशी. सरकार पैसे देईल तेव्हा देईल. तोवर तुझ्या पाड्यावरच्या मुलानं अप्रशिक्षित ताईकडे बसायचं आणि माझ्या नर्सरीतल्या मुलानं प्रशिक्षित बाईंकडे? तुझ्या बायकांच्या नोकऱ्या वाचवायला तू मुलांचा हक्क मागे टाकतेस. हे मला तुझ्या युनियनच्या मोर्चातही खटकतं. मागण्यांच्या पाटीवर मानधन असतं, ग्रॅच्युइटी असते. मुलांना शिकवायला वेळ द्या, असं लिहिलेली पाटी मी पाहिली नाही.

मावशी: मोर्चात तू किती गेलीस?

भाची: टीव्हीवर पाहिले.

मावशी: बरं. तुझ्या पदविकावाल्या बाईंना तू किती देतेस?

(बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.)

भाची: नऊ हजार. एकीला साडेदहा.

मावशी: आणि उन्हाळ्यात?

भाची: दोन महिने नर्सरी बंद असते.

मावशी: म्हणजे वर्षाचे दहाच पगार. तुझी प्रशिक्षित बाई माझ्या बारावीवाल्या ताईपेक्षा कमी घेते आणि तू मला हक्क शिकवतेस?

भाची: शिकवते, कारण दोन्ही खरं आहे. जागेचं भाडं, वीज, सफाई, कामाच्या दोन मावशी, विमा, सगळं फीतून. फी वाढवली की कोपऱ्यावरची दुसरी नर्सरी आहेच, तिथे बारावीची मुलगी सहा हजारांत शिकवते आणि फी माझ्याहून कमी आहे. पालकांना फरक दिसत नाही, त्यांना एसी दिसतो. माझ्याकडे पदविका केलेल्या बाई टिकत नाहीत. अनुभव मिळाला की मोठ्या शाळेच्या प्राथमिकला जातात. म्हणून तर मला अट हवी आहे, मावशी! माझ्यासाठी हवी आहे. अट सगळ्यांना असेल तर कोपऱ्यावरचा मला फीवर मारू शकणार नाही.

हा मुद्दा मला नवा होता. खासगी नर्सरीवाले नियमनाला विरोध करतात असं आपण धरून चालतो. काही करतातही. पण जी मंडळी प्रामाणिकपणे प्रशिक्षित माणसं ठेवतात त्यांना नियमाचा अभावच महागात पडतो.

मावशी: अट तुला आली की पगार तुझे वाढणार, फी वाढणार, आणि तुझ्या नर्सरीतून रिक्षावाल्याचं पोर बाहेर जाणार.

भाची: म्हणून अटीबरोबर पैसा. हे तू म्हणतेस तेच मी म्हणते. फक्त तू पैसा आधी म्हणतेस आणि मग अटीचं नावच काढत नाहीस. अमेरिकेत न्यू जर्सीचं उदाहरण आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब वस्तीच्या ३१ जिल्ह्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक सक्तीनं करायला लावलं, आणि २००० साली सांगितलं की शिक्षकांना पदवी आणि प्रमाणपत्र हवं, मुदत २००४. त्या चार वर्षांत सरकारनं काय केलं? शिकायला शिष्यवृत्ती दिली. वर्गात पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत आणि शिक्षिकेबरोबर एक सहायक. आणि पगार सरकारी शाळेच्या बरोबरीनं. हे सरकारी शाळांनाच नव्हे, सरकारी पैशावर वर्ग चालवणाऱ्या खासगी नर्सऱ्यांनाही. आधीच्या बायकांना हाकललं नाही. शिकवून बसवलं.

मावशी: कोर्टानं करायला लावलं.

भाची: हो.

मावशी: आमच्याकडेही कोर्ट बोललंय. गुजरातच्या सेविकांचा खटला होता, एप्रिल २०२२ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ह्यांना ग्रॅच्युइटी लागू होते. अंगणवाडी म्हणजे दानधर्म नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षण हक्क कायद्याचं अकरावं कलम, त्यातलं कायद्यानं सोपवलेलं काम ह्या करतात. मी निवृत्त झाल्यावर तो निकाल कुणीतरी व्हॉट्सअॅपवर मराठीत टाकला होता, मी दोनदा वाचला.

भाची: अकराव्या कलमात गंमत आहे. सहा ते चौदाला शिक्षण द्यायलाच हवं. तीन ते सहाला सरकार व्यवस्था करू ‘शकेल’. केली तर केली. त्यामुळे न्यू जर्सीसारखं, हे द्याच, असं आपल्याकडे कुणी कोर्टात उभं राहून म्हणू शकत नाही. घटनेचं कलम ४५ सुद्धा २००२ मध्ये बदललं, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राज्य प्रयत्न करील, असं. प्रयत्न.

मावशी: प्रयत्न चालू आहे की. २०१७ साली मुलामागे दिवसाला आठ रुपयांचा आहार ठरवला. तेव्हा तूरडाळ काय भाव होती ते तुझ्या आईला विचार.

यानंतर कागद-पेन्सिल निघाली. बहिणीला हिशेबाची हौस आहे. राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. प्रत्येकीत फक्त शिकवण्यासाठी एक प्रशिक्षित शिक्षिका द्यायची, महिना वीस हजारांनी. वर्षाला प्रत्येकी दोन लाख चाळीस हजार. एकूण दोन हजार सहाशे चाळीस कोटी.

मावशी: कुठून आणणार?

भाची: तुमच्या पोरींनी ज्यांचे अर्ज भरले त्या योजनेत दोन कोटींहून जास्त बायकांना महिना दीड हजार गेले. तीन हजार कोटींहून जास्त होतात, एका महिन्याचे. म्हणजे प्रत्येक अंगणवाडीला वर्षभराची शिक्षिका, एका महिन्याच्या खर्चाहून कमीत.

मावशी: खबरदार. ते दीड हजार बंद करायचे म्हणशील तर माझ्याशी गाठ आहे. त्यातून पोरांची औषधं येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाची: बंद कर कुठं म्हटलं? पैसा नाही हे उत्तर खोटं आहे, एवढंच म्हटलं.

मावशी: ते मान्य.

(दुसऱ्यांदा एकमत. मी तारीख लिहून ठेवायला हवी होती.)

मावशी: आता मला सांग, ती वीस हजारांची शिक्षिका कोण? तू दोन वर्षांची पदविका लावशील. पालघरमध्ये पदविकेची कॉलेजं किती, आणि फी किती? म्हणजे वसई-विरारच्या मुली येणार, सोमवारी उशिरा, शुक्रवारी लवकर. माझं म्हणणं, पहिली संधी मदतनिसाला. तिला दोन वर्षं पगार देऊन शिकवा, फी सरकारनं भरा, शिक्षणात वारलीसुद्धा धरा, गोंडी-कोरकूच्या भागात ती धरा. शिकली तर ती जागा तिची.

भाची: आणि नाही शिकली तर?

मावशी: तर मदतनीसच राहील. तिला काढायचं नाही, पण ती जागा बाहेरून भरा. हे मी मान्य करते. पाच वर्षांची मुदत.

भाची: पाच वर्षांत तीन ते सहाच्या जवळजवळ दोन तुकड्या निघून जातात. तीन वर्षं.

मावशी: दहावी नापास बाईला बारावी करून पदविका करायची तर तीन वर्षांत काय होतं?

भाची: मग दहावी-बारावीची अट पदविकेला शिथिल करा, कामाच्या अनुभवाचे गुण धरा. पण परीक्षा खरी घ्या. वर्गात जाऊन, मुलांसमोर. नुसता ऑनलाइन पेपर नको.

मावशी: कोण घेणार ती परीक्षा? पर्यवेक्षिका घेणार असतील तर मी आत्ताच सांगते, सगळ्या पास होतील. माझ्या बीटमध्ये मीही सगळ्यांना पास केलं असतं.

भाची: हे तू लिहून देशील?

मावशी: हा लिहितोय ना.

या ठिकाणी मी विषय खासगीकडे वळवला, कारण अंगणवाडीचं दोघींनी अर्ध्यावर का होईना मिटवलं होतं, आणि नर्सरीचं कुणी काढत नव्हतं. मी विचारलं, हीच अट कोपऱ्यावरच्या नर्सरीला आणि तुझ्या नर्सरीला लावली तर?

भाची: लावा. पण अंगणवाडीला पैसा आणि मला नुसती अट, हे नाही चालणार. महापालिका संस्थांमार्फत बालवाड्या चालवते, त्यांना मानधन देतेच ना? तसं ठरावीक मुलांमागे ठरावीक रक्कम मला द्या, त्यातून बाईंना पुरा पगार देईन. तपासायला या, हजेरी बघा, पगाराचं बँक खातं बघा.

मावशी: माझ्या अंगणवाड्या समाजमंदिरात भरतात, काहींना संडास नाही, आणि सरकारनं तुझ्या एसीला पैसे द्यायचे?

भाची: एसी काढते. न्यू जर्सीत तेच केलं, सांगितलं ना. ज्या खासगी नर्सऱ्यांनी अटी पाळल्या त्यांना पूर्ण पैसे.

मावशी: आणि पालकांकडून फी?

भाची: त्या वर्गाला फी नाही घ्यायची.

मावशी: मग तू फी सोडशील? पूर्ण? रिक्षावाल्याचं पोर आणि डॉक्टरचं पोर एकाच वर्गात, दोघंही फुकट?

बहिणीने कागद पुन्हा ओढला. भाडं लिहिलं, वीज लिहिली, दोन मावशींचे पगार लिहिले, बाईंचे बारा महिन्यांचे. बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.

भाची: मुलामागे किती देणार, त्यावर आहे.

मावशी: बघ, आलीस की नाही मोर्चात.